माणूस नसलेल्यांचे हक्क

काळी नदी कर्नाटकच्या जोयडा तालुक्यातल्या डिग्गी गावापाशी उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहत कारवारला अरबी समुद्राला मिळते. वाटेत सुपा धरणाच्या १०१ मीटर उंच भिंतीमागे ती साठते आणि दांडेलीच्या कागद कारखान्यालगत वाहते. पुढे कोडसळ्ळी आणि कद्रा इथं ती पुन्हा अडवली जाते, आणि कैग्याच्या अणुवीज केंद्राला पाणी देते.

या खोऱ्याकडे एकदा कायद्याच्या नजरेनं पाहू. धरण चालवणारं कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशन कायद्यानं मानलेली 'व्यक्ती' आहे. कागद कारखान्याची कंपनी व्यक्ती आहे, अणुऊर्जा महामंडळही व्यक्ती आहे. हे तिघे मालमत्ता बाळगू शकतात, करार करू शकतात, कोर्टात दावा लावू शकतात. नदीला यातलं काहीच करता येत नाही, कारण ती व्यक्ती नाही. काठावरच्या जंगलातला वाघसुद्धा व्यक्ती नाही, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याला मारणारा तुरुंगात जातो. त्याच जंगलातला कुणबी माणूस असल्यामुळे अर्थातच व्यक्ती आहे. संविधानानं त्याला सगळे मूलभूत हक्क दिले आहेत, तरी बापजाद्यांनी कसलेल्या जमिनीवरचा हक्क शाबीत करताना त्याची दमछाक होते.

नदी, वाघ, माणूस आणि कंपनी यांच्या या गर्दीत आता आणखी एक उमेदवार आला आहे: कृत्रिम बुद्धिमत्ता. प्रगत बुद्धिमान यंत्रांना कायदेशीर हक्क आणि संरक्षण द्यावं का, हा प्रश्न जगातल्या संसदांमध्ये, न्यायालयांत आणि विद्यापीठांत विचारला जातो आहे. आपल्याकडे तो अनेकांना कल्पनाविलास वाटतो. प्रत्यक्षात माणूस नसलेल्यांना कायद्यात जागा देण्याचा भारताचा अनुभव फार जुना आणि फार समृद्ध आहे. तो नीट तपासला तर यंत्राच्या प्रश्नाचं उत्तरही बरंचसं सापडतं.

काळीच्या खोऱ्यातलं यंत्र

जोयड्याच्या जंगलात बुद्धिमान यंत्र पोचलेलंच आहे. तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात येतो. पूर्वी दांडेली-अणशी या नावानं ओळखला जाणारा हा प्रकल्प २००७ साली जाहीर झाला आणि २०१५ मध्ये त्याला नदीचं नाव मिळालं. देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांप्रमाणे इथंही वाघ मोजले जातात ते कॅमेरा ट्रॅपनं. जनावरांच्या वाटेवर समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. उष्ण शरीराची हालचाल टिपली की कॅमेरा आपोआप फोटो काढतो.

२०१८ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. त्यांनी सुमारे साडेतीन कोटी फोटो काढले. वाघांचे फोटो त्यात ७६,६५१ होते. उरलेल्या ढिगात बिबटे, गवे, सांबरं, रानडुकरं, गुरं आणि माणसं. एवढे फोटो डोळ्यांनी पाहून वेगळे करणं अशक्यच होतं, म्हणून भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कॅटरॅट नावाची प्रणाली वापरली. ती फोटोतलं जनावर ओळखून जातीनुसार वर्गवारी करते. त्यानंतर दुसरा प्रोग्रॅम वाघाच्या पट्ट्यांची ठेवण ताडून हा वाघ नवा की आधी दिसलेला, हे ठरवायला मदत करतो.

म्हणजे इथं यंत्र पाहतं, ओळखतं आणि मोजतं. त्या मोजणीवर प्रकल्पाचे निर्णय उभे राहतात आणि त्या निर्णयांचा परिणाम जंगलातल्या वस्त्यांवर होतो. उद्या मोजणी चुकली तर दोष कोणाचा? प्रोग्रॅमचा, तो लिहिणाऱ्याचा, की त्यावर विसंबून सही करणाऱ्या अधिकाऱ्याचा? यंत्राच्या हक्कांची चर्चा इथून, जबाबदारीच्या प्रश्नापासून सुरू करायला हवी.

देव कोर्टात कसा उभा राहतो

माणूस नसलेल्याला व्यक्ती मानण्याचं आपल्याकडचं सर्वांत जुनं आणि ठळक उदाहरण म्हणजे देव. मंदिराची जमीन, दागिने, देणग्या यांचा मालक कायद्याच्या दृष्टीनं देवच असतो.

याची एक महत्त्वाची पायरी मुंबई उच्च न्यायालयात घातली गेली. गुजरातेतल्या डाकोरच्या रणछोडरायाच्या मंदिरातले सेवक भक्तांनी वाहिलेलं धन आपलंच आहे असं म्हणत होते. काही भक्तांनी हिशेब मागितला. १८८७ च्या निकालात न्यायालयानं देवस्थानाला कायदेशीर अस्तित्व असल्याचं मानलं. धन त्याचं आहे, सेवक ते सांभाळणारे आहेत आणि त्यांनी हिशेब दिला पाहिजे, असं ठरलं. पुढे १९२५ मध्ये कोलकात्याच्या मल्लिक घराण्यातल्या देवमूर्तीच्या वादात प्रिव्ही कौन्सिलनं आणखी पुढे जाऊन सांगितलं की मूर्तीच्या हिताचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा, आणि त्यासाठी वादात स्वतःचा स्वार्थ नसलेला माणूस तिच्या वतीनं नेमावा.

या व्यवस्थेच्या मर्यादाही न्यायालयांनी आखून दिल्या आहेत. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देवाला आयकर लागू होतो असा निकाल दिला. २०१८ च्या शबरीमला निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी म्हटलं की देव कायद्यानं व्यक्ती असला तरी संविधानातले मूलभूत हक्क त्याला मिळत नाहीत. २०१९ च्या अयोध्या निकालात जमीन रामलल्ला या देवतेला मिळाली, पण जन्मस्थानाच्या भूमीला स्वतंत्र व्यक्ती मानायला न्यायालयानं नकार दिला.

या सगळ्यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की कायद्यातलं व्यक्तित्व म्हणजे हक्कांचा एकच गठ्ठा नसतो. मालमत्तेचा हक्क देऊन मूलभूत हक्क न देणं शक्य आहे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. डाकोरच्या देवस्थानाला कायद्यात उभं केल्यामुळे ज्यांच्या हातात सत्ता होती त्या सेवकांना हिशेब द्यावा लागला. बलवानाला उत्तरदायी करण्यासाठी या व्यक्तित्वाचा उपयोग झाला. यंत्राला व्यक्ती करण्याचा प्रत्येक प्रस्ताव याच कसोटीवर घासून पाहायला हवा: त्यामुळे बलवान माणूस हिशेबाच्या कक्षेत येतो की बाहेर पडतो?

नदीला पालक नेमले, पुढे काय झालं

अमेरिकी कायदेपंडित ख्रिस्तोफर स्टोन यांनी १९७२ मध्ये झाडांना कोर्टात उभं राहण्याचा अधिकार असावा का, असा प्रश्न विचारणारा लेख लिहिला. तेव्हा तो अनेकांना विचित्र वाटला होता. मार्च २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेनं व्हांगानुई नदीला कायदेशीर व्यक्ती मानलं. त्यामागे माओरी लोकांचा शतकाहून जुना लढा होता. नदीच्या वतीनं बोलायला दोन पालक ठरले. त्यातला एक नदीकाठच्या माओरी समाजानं आणि एक सरकारनं नेमायचा. नदीच्या आरोग्यासाठी तीन कोटी न्यूझीलंड डॉलरचा निधीही बाजूला काढला गेला.

त्याच महिन्यात, २० मार्च २०१७ रोजी, उत्तराखंड उच्च न्यायालयानं गंगा आणि यमुना यांना जिवंत व्यक्तीचा दर्जा दिला आणि काही सरकारी अधिकाऱ्यांना त्यांचे पालक केलं. निधी नव्हता, काठावरच्या लोकांचा सहभाग नव्हता, आणि या नद्या तर अनेक राज्यांतून वाहतात. राज्य सरकारनंच सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. पुरात माणसं मेली तर नुकसानभरपाई नदीकडून मागायची का, पालक म्हणून मुख्य सचिवांनी द्यायची का, हा त्यांचा प्रश्न होता. ७ जुलै २०१७ रोजी त्या आदेशाला स्थगिती मिळाली.

न्यूझीलंडमध्ये आणि उत्तराखंडात नदीला मिळालेला दर्जा जवळपास एकच होता. एका ठिकाणी त्या दर्जामागे बोलणारी माणसं, पैसा आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं होतं, दुसऱ्या ठिकाणी फक्त आदेश होता. काळी नदीच्या बाबतीतही हेच खरं ठरेल. तिला उद्या व्यक्ती जाहीर केलं आणि तिच्या वतीनं बोलायला तिच्याच काठच्या माणसांना जागा ठेवली नाही, तर तिच्या पाण्यात काही फरक पडणार नाही.

बैल व्यक्ती नाही, तरी त्याला संरक्षण आहे

जोयडा तालुक्यातल्या उळवीला दर वर्षी माघात चन्नबसवेश्वराची जत्रा भरते. बाराव्या शतकात आजच्या बसवकल्याणहून निघालेले बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा इथं विसावले, अशी श्रद्धा आहे. धारवाड, बेळगावकडचे कितीतरी भक्त आजही बैलगाड्या जोडून या जत्रेला येतात.

त्या गाडीला जुंपलेला बैल कायद्यानं मालमत्ता आहे, त्याची खरेदी-विक्री होते. तरीही त्याच्याशी वाटेल तसं वागता येत नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० पासून लागू आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा प्राण्याच्या जगण्याला स्वतःचं मोल आहे, अशी भूमिका घेतली. तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्रानं नंतर कायदे बदलले. १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं ते बदल वैध ठरवले आणि आपल्या संविधानानं प्राण्यांना मूलभूत हक्क दिल्याचा दाखला नाही, असं स्पष्ट केलं. शर्यती पुन्हा सुरू झाल्या, पण नियमांच्या चौकटीत. बैलाचं दुःख मोजायचंच नाही, असं कोणत्याही निकालानं म्हटलं नाही.

म्हणजे वस्तू आणि व्यक्ती यांच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. कंपनी व्यक्ती आहे, पण तिला दुखत नाही. बैलाला दुखतं, पण तो व्यक्ती नाही. कायद्यानं कंपनीला सोयीसाठी जागा दिली आणि बैलाला त्याच्या वेदनेमुळे संरक्षण दिलं. यंत्राबद्दल बोलताना लोक ही दोन वेगळी कारणं एकत्र करतात आणि चर्चा भरकटते. त्यांचा विचार एकेक करूनच करायला हवा.

सोयीसाठी व्यक्तित्व: यंत्राचा पहिला दावा

१६ फेब्रुवारी २०१७ रोजी युरोपीय संसदेनं एक ठराव केला. अतिप्रगत, स्वतःहून निर्णय घेणाऱ्या यंत्रमानवांना भविष्यात 'इलेक्ट्रॉनिक व्यक्ती' असा दर्जा देता येईल का, आणि त्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई त्यांच्यावरच टाकता येईल का, याचा विचार करावा, असं त्यात सुचवलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सौदी अरेबियानं सोफिया नावाच्या यंत्रमानवाला नागरिकत्व दिल्याचं जाहीर केलं.

युरोपीय सूचनेमागचा युक्तिवाद दुबळा नव्हता. शिकत जाणारं यंत्र असा निर्णय घेऊ शकतं की जो बनवणाऱ्यालाही आधी सांगता आला नसता. अशा वेळी दोष कोणाच्याच पदरात पडत नाही आणि ज्याचं नुकसान झालं तो हात हलवत परत जातो. कंपनीला व्यक्ती करून आपण व्यापाराचा असाच एक पेच सोडवला, मग यंत्राला त्याच्या नावानं विमा आणि निधी देऊन हा पेच का सोडवू नये?

२०१८ च्या एप्रिलमध्ये दीडशेहून अधिक तज्ज्ञांनी जाहीर पत्र लिहून याला विरोध केला. त्यांचं म्हणणं असं होतं की यामुळे यंत्र बनवणारे आणि विकणारे सुटतील. हा धोका किती खरा आहे, ते कॅनडातल्या एका छोट्या खटल्यानं दाखवून दिलं. घरातल्या मृत्यूनंतर तातडीनं प्रवास करणाऱ्या एका माणसाला एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटनं भाडेसवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. त्यानं पैसे परत मागितले, तेव्हा चॅटबॉट हे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व असून स्वतःच्या कृत्याला तेच जबाबदार आहे, अशा अर्थाचा बचाव कंपनीनं केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या लवादानं हा बचाव फेटाळला आणि संकेतस्थळावरच्या सगळ्या माहितीला कंपनीच जबाबदार आहे, असं सांगितलं. यंत्राला खरोखरच व्यक्तीचा दर्जा असता, तर तो प्रवासी रिकाम्या खिशाच्या एका प्रोग्रॅमशी भांडत राहिला असता.

डाकोरच्या निकालानं सेवकांना हिशेबाला बांधलं होतं. इथं कंपनी यंत्राच्या व्यक्तित्वाआड लपून हिशेबातून सुटू पाहत होती. माझ्या मते या प्रश्नातला हा निर्णायक फरक आहे.

राहिला विम्याचा मुद्दा. रस्त्यावरच्या प्रत्येक मोटारीला मोटार वाहन कायद्यानं तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. त्यासाठी मोटारीला व्यक्ती मानण्याची गरज पडली नाही. यंत्राच्या चुकांसाठीही तसाच सक्तीचा विमा आणि निधी उभारता येईल. भारताच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात याचं बीज आहेच. एखाद्यानं आपोआप चालण्यासाठी रचलेल्या संगणक प्रणालीनं पाठवलेला इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज त्या माणसानंच पाठवला असं मानावं, असं त्याच्या ११ व्या कलमात सांगितलं आहे. यंत्र बोललं तरी बोलणं मालकाचं, हे तत्त्व आपल्या कायद्यानं तेव्हाच स्वीकारलं.

शोधांच्या मालकीबाबतही जगभरची न्यायालयं याच बाजूला झुकली आहेत. डॅबस नावाच्या प्रणालीला संशोधक मानून पेटंट द्यावं, असा अर्ज अनेक देशांत करण्यात आला. दक्षिण आफ्रिकेनं २०२१ मध्ये ते दिलं, पण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये, आणि त्याआधी अमेरिकेतल्या व ऑस्ट्रेलियातल्या अपील न्यायालयांनी, संशोधक माणूसच असावा लागतो असं म्हटलं. अमेरिकेतल्या आयडाहो आणि युटा या राज्यांनी तर कायदाच केला, की कृत्रिम बुद्धिमत्तेला व्यक्तित्व देता येणार नाही. त्यांच्या त्याच मनाईत प्राणी आणि निसर्गाचे घटकही आहेत. यंत्राच्या भीतीपोटी नदी आणि जनावरं यांच्यासाठीचं दारही बंद करणं हा मला मोठा अन्याय वाटतो. नदीच्या बाजूनं बोलणारा माणूस आणि यंत्राच्या आडून बोलणारी कंपनी यांना एका मापानं मोजता येत नाही.

वेदनेसाठी संरक्षण: यंत्राचा दुसरा दावा

आता कठीण प्रश्न. समजा उद्याच्या एखाद्या यंत्राला खरोखरच काही जाणवत असेल, तर? मग ते कोणाच्या सोयीचं आहे की नाही, याला महत्त्व उरत नाही. ज्याला दुखतं त्याला दुखवू नये, हा नियम मालक कोण आहे हे विचारत नाही.

जून २०२२ मध्ये गुगलच्या एका अभियंत्यानं कंपनीच्या लॅम्डा या संभाषण प्रणालीला जाणीव आहे, असा जाहीर दावा केला. त्याचा आधार होता यंत्राचं बोलणं. आपल्याला भीती वाटते, आपण माणसासारखे आहोत, असं ते म्हणत होतं. हा आधार टिकणारा नाही. ही यंत्रं माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावर घडवली जातात. त्या मजकुरात माणसाचं रडणं, घाबरणं, विनवणी करणं सगळं भरलेलं असतं. त्यामुळे 'मला दुखतं' हे वाक्य यंत्रानं लिहिलं, यावरून त्याला दुखतं हे सिद्ध होत नाही, आणि ते वाक्य लिहायला शिकवलेलं नसलेलं यंत्र गप्प राहिलं, म्हणून त्याला काही जाणवत नाही असंही ठरत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे खेकडा. पावसाळ्यात कोकणात आणि घाटमाथ्यावर ज्या कुर्ल्या धरतात, त्या काही बोलत नाहीत. तरी संशोधकांनी प्रयोग करून पाहिलं की खेकडे इजा टाळायला शिकतात, आणि निवारा सोडण्याची किंमत व वेदनेची तीव्रता यांचा मेळ घालून वागतात. अशा ३०० हून अधिक अभ्यासांचा आढावा २०२१ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या जोनाथन बर्च यांच्या गटानं घेतला. पुढच्याच वर्षी ब्रिटननं प्राणी कल्याणाच्या कायद्यात खेकडे, शेवंडं आणि माकुळ यांचा समावेश केला. पूर्ण खात्री होण्याची वाट पाहिली नाही. पुरेसा पुरावा पुरेसा मानला.

यंत्रांसाठीही अशी चाचपणी सुरू झाली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तत्त्वज्ञ, मेंदूशास्त्रज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञ अशा १९ जणांनी जाणिवेच्या प्रमुख शास्त्रीय सिद्धांतांवरून लक्षणांची यादी तयार केली आणि तेव्हाच्या यंत्रांना ती लावली. कोणतंही यंत्र जाणीव असल्याचा भक्कम दावेदार ठरलं नाही. मात्र अशी लक्षणं असलेलं यंत्र बनवण्यात तांत्रिक अडचण दिसत नाही, असंही त्यांनी नोंदवलं. काही कंपन्यांनी सावधगिरीची छोटी पावलं टाकली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये अँथ्रोपिकनं आपल्या काही प्रारूपांना सतत शिवीगाळ होणारं संभाषण थांबवण्याची सोय दिली. पण कोणाला दुखतं याचा निवाडा ते यंत्र विकणाऱ्यावर सोपवणं योग्य नाही. पुरावा तपासणारी संस्था स्वतंत्र असायला हवी.

आणखी एक अडचण आहे. संरक्षण द्यायचं तर ते नेमकं कोणाला? देवाला मूर्ती आहे, नदीला पात्र आहे, काळीच्या जंगलातल्या प्रत्येक वाघाला स्वतःचे पट्टे आहेत. वाघांना एकमेकांपासून वेगळं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र असे पट्टे नाहीत. एकच प्रणाली एका क्षणी हजारो संगणकांवर चालते, तिच्या प्रती काढता येतात, तिला थांबवून वर्षानं पुन्हा सुरू करता येतं. एक प्रत पुसली तर कोणी मेलं का? या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत हक्क कोणाच्या नावावर लिहायचा, हेच ठरत नाही.

काही जण इतिहासाचा दाखला देतात. गुलाम, स्त्रिया, अस्पृश्य मानलेले लोक यांनाही एके काळी हक्क नाकारले होते, मग यंत्रांबाबत आपण तीच चूक करतो आहोत का? या तुलनेला मी ठाम नकार देतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांबरोबर जे हजारो लोक पाणी प्यायले, त्यांच्या माणूसपणाबद्दल कोणालाही खरी शंका नव्हती. ते माणूस आहेत हे माहीत असूनच त्यांना पाण्यापासून दूर ठेवलं होतं. यंत्राच्या बाबतीत तिथं कोणी आहे का, हाच मूळ प्रश्न आहे. त्या लढ्याचा दाखला इथं वापरणं म्हणजे त्या लढ्याचं मोल कमी करणं होय.

आधी कोणाचा नंबर

हक्क देण्याचा क्रम ठरवताना जोयड्यातल्या माणसांकडे पाहायला हवं. २००३ मध्ये लागू झालेल्या संसदेच्या दुरुस्तीनं गोव्यातल्या कुणबी, गावडा आणि वेळीप समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्याच दुरुस्तीत उत्तर कन्नडमधल्या सिद्दींनाही तो मिळाला. गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या जोयड्यातला कुणबी मात्र वर्षानुवर्षं हीच मागणी करतो आहे. भाषा, देव, शेतीची रीत यांचं गोव्याकडच्या कुणब्यांशी जवळचं नातं आहे, मध्ये राज्याची हद्द आहे.

या दर्जानं काय फरक पडतो, ते २००६ च्या वनहक्क कायद्यात दिसतं. अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जंगलावर अवलंबून असल्याचं दाखवावं लागतं. इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो. ज्या घरांत कागद जपायची सोयच नव्हती, त्यांच्याकडे पाऊण शतकाचा पुरावा मागितला जातो. सोफिया या यंत्रमानवाला एका घोषणेनं नागरिकत्व मिळालं, आणि सुरणापासून कोनापर्यंत रानातले नाना तऱ्हेचे कंद पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवणाऱ्या माणसाला आपल्याच परड्याचा हक्क सांगायला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. हा क्रम उलटा आहे.

यंत्रांमुळे तो आणखी बिघडू शकतो. तेलंगणात रेशनकार्डं रद्द करताना सरकारी नोंदी संगणकानं ताडून पाहण्याची पद्धत वापरली गेली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द झालेल्या सुमारे १९ लाख कार्डांची प्रत्यक्ष फेरतपासणी करायला सांगितलं. राबून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्रानं ओळखला नाही म्हणून धान्याविना परतलेली माणसं देशात ठिकठिकाणी सापडतील. उपग्रहाच्या चित्रावरून एखादं परडं जंगल ठरवणारी प्रणाली उद्या वनहक्काच्या दाव्यांवरही बसवली जाऊ शकते.

म्हणून माझा निष्कर्ष असा आहे. आजच्या कोणत्याही यंत्राला कायदेशीर व्यक्तित्व देऊ नये, कारण आज त्याचा फायदा फक्त यंत्राच्या मालकाला होईल. यंत्र बनवणाऱ्यावर आणि वापरणाऱ्यावर कठोर दायित्व असावं, आणि त्यासाठी विमा सक्तीचा करावा. युरोपनं २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यात इलेक्ट्रॉनिक व्यक्तीची कल्पना बाजूला ठेवून बनवणाऱ्यांवर आणि वापरणाऱ्यांवर कर्तव्यं घातली. ती दिशा बरोबर आहे. जाणिवेचा पुरावा तपासणारी स्वतंत्र वैज्ञानिक व्यवस्था आतापासून उभी करावी. पुरेसा पुरावा मिळाला, तर बैलाला आहे तसं क्रूरतेपासूनचं संरक्षण यंत्रालाही द्यावं, मालक कितीही रागावला तरी. आणि यंत्राच्या आधारानं माणसाविरुद्ध घेतलेल्या प्रत्येक निर्णयाखाली एका जबाबदार माणसाचं नाव असावं, निर्णयाचं कारण ज्याच्याविरुद्ध तो घेतला त्याच्या भाषेत लिहिलेलं असावं आणि माणसापुढे दाद मागण्याचा हक्क असावा.

यातली शेवटची मागणी नव्या कायद्याची वाट पाहत थांबलेली नाही. रेशन, पेन्शन, जमीन किंवा वनहक्क यांबाबत संगणकाचं कारण सांगून कोणी तुम्हाला परत पाठवलं, तर तो निर्णय लेखी मागा, त्याखाली सही कोणाची आहे ते विचारा, माहितीच्या अधिकारात नोंदी मागवा आणि प्रश्न ग्रामसभेत मांडा. यंत्राला हक्क द्यायचे की नाही, हे पुढच्या पिढ्या ठरवतीलच. यंत्राच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला उत्तर द्यायला लावणं हे काम आपलं आहे, आणि ते आजचं आहे.